गोविंदाला विचारून कळवतो

इंदोरा, नागपूर
१४ जानेवारी १९७९

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

आईला काल दवाखान्यातून घरी आणलं. मशीनचा शेक देणं संपलं. मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की आता औषध फक्त दुखणं कमी करण्यापुरतं. रोग आतड्याच्या शेवटाला होता, तो वर चढला आहे. उन्हाळा काढेल असं त्यांना वाटत नाही. मी आईला काही बोललो नाही, पण तिला फसवणं किती सोपं आहे ते तुला ठाऊक आहेच. रिक्षात बसल्याबरोबर म्हणाली, "डॉक्टर तुह्याशी बाहेर बोलला ना? मंग माह्यं ठरलं. मले देवाजीचं हापिस दाखव. इमानं जिथून उडतात थे पाहाचं हाय."

सोळा वर्षं झाली, ती गल्लीत सांगत फिरते की माझा मोठा विमानाच्या हापिसात साहेब आहे. सोनेगावच्या विमानतळाकडे विमान उतरताना दिसलं की अजूनही कणकेचे हात घेऊन अंगणात येते. तिला नाही म्हणायची माझी छाती नाही.

पण आगगाडीने नेता येत नाही. तिला दर अर्ध्या तासाने जावं लागतं, आणि कधी पोहोचायच्या आतच होतं. काल रिक्षावाल्याने गमछा नाकाला लावला. तिने ते पाहिलं आणि घरापर्यंत खाली मान घालून बसली. डब्यात शंभर लोकांसमोर मी तिला तसं बसवणार नाही.

म्हणून मी एक उद्योग केला आहे. लकडगंजला ज्यांच्याकडे मी ट्रकच्या बॉड्या बांधतो त्या भैयाजींनी एका मिशनची फिरत्या दवाखान्याची जुनी गाडी भंगारात घेतली आहे. इंजिन ठणठणीत आहे. ती त्यांच्याकडून मागून घेतली. आत आईसाठी खाट ठोकली, स्टोव्हला जागा केली आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून संडास केला. खाली तेलाचा ड्रम आडवा बसवून टाकी केली. चालतं-फिरतं घरच म्हण. सुतारकाम पाहून तू खूश होशील.

अडचण दोन गोष्टींची. एक, वास. दोन-तीन दिवसांचा रस्ता, टाकी तापणार, आणि आई तिथून चार हातांवर निजणार. दुसरी, कागद. शेकामुळे तिची कातडी भाजल्यासारखी झाली आहे. डॉक्टर म्हणाले, पाण्याने चोळू नका, मऊ कागदाने टिपून घ्या. गाडीत पाणीही मोजकंच राहणार. मी वर्तमानपत्र चोळून मऊ करून दिलं, तर शाई लागून आग झाली आणि खाली पाइपात बोळा बसला.

विमानात शे-दीडशे माणसं कशी काय जातात? तिथे कोणता कागद ठेवतात? टाकीत काय घालतात? तू साहेब माणूस, कोणालाही विचारलंस तरी सांगेल. लवकर कळव.

तुझा,
शालिकराम


सांताक्रूझ, मुंबई
२३ जानेवारी १९७९

चि. शालिकराम यास,
जय भीम व आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आईच्या प्रकृतीविषयी वाचून फार वाईट वाटले. तू तिची सेवा करीत आहेस, हे मी विसरणार नाही.

तू विचारलेली माहिती माझ्या खात्याची नाही. आमच्याकडे प्रत्येक कामाचे वेगळे लोक असतात व त्यांचा आमचा संबंध येत नाही. तरी एवढे सांगतो की विमानाचा प्रवास काही तासांचा असतो. तीन दिवस टाकी बाळगली तर तू काहीही घातलेस तरी वास येणारच. आजारी माणसाला त्यात कोंडणे योग्य नाही. कागद म्हणशील तर कोणताही पातळ कागद चालेल.

माझे मत विचारशील तर हा बेत सोडून द्यावा. मुंबईची हवा तिला मानवणार नाही. शिवाय बाहेरच्या माणसांना विमानतळाच्या आत सोडत नाहीत, मग एवढे येऊन ती पाहणार काय? मे महिन्यात रजा मिळाली की मीच येईन. कौसल्या व मुले ठीक आहेत.

तुझा,
देवाजी


इंदोरा, नागपूर
५ फेब्रुवारी १९७९

ती. दादास,
जय भीम.

मे महिन्यात येतो म्हणालास. मागच्या पत्रात डॉक्टरांचं बोलणं मी शाईने लिहिलं होतं ना? की पुसलं गेलं?

कोणताही पातळ कागद चालेल म्हणालास म्हणून मी जरीपटक्याच्या बाजारात गेलो. संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद होता, त्याहून पातळ काय असणार? गुलाबी गठ्ठा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचं धोतराचं फडकं लालभडक. रक्त सुटलं म्हणून मी तिला उचलून दवाखान्यात पळालो. तिथल्या सिस्टरबाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, हा तर रंग आहे. आई हसायला लागली. म्हणाली, "काहून गा शालिक, यंदा माही होळी आंधीच खेळून घेतली!" तीन दिवस तिला पालथं निजावं लागलं, तरी हसत होती. मला हसू आलं नाही.

वासासाठी फिनेल ओतलं, लिंबाचा पाला टाकला, उदबत्त्या लावल्या. आता फिनेलाचा आणि उदबत्तीचा वास त्या वासात मिसळून येतो. परवा आम्ही गाडी कामठीपर्यंत नेऊन पाहिली. तिला दोनदा ओकारी झाली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. काही दिवसांपासून ती जेवत नाही. आधी वाटलं, रोगाने. मग बायकोने पाहिलं, ताटातलं पदराखाली घेऊन शेजारच्या कुत्र्याला घालते. विचारलं तर म्हणाली, "पोटात नाही गेलं तं टाकीत नाही जात. वास येत नाही. मंग तू मले नेशीन." दादा, मुंबईला येता यावं म्हणून आई उपाशी राहून राहिली आहे.

तुमच्या तिथे हे काम करणारा कोणीतरी माणूस असेलच. संबंध येत नाही तर आण. त्याला एक चहा पाज आणि विचार. त्यात तुझी साहेबी कमी होत असेल तर होऊ दे.

शालिकराम


सांताक्रूझ, मुंबई
१३ फेब्रुवारी १९७९

चि. शालिकराम यास,
जय भीम.

तुझ्या सांगण्याप्रमाणे एका माणसाला विचारले. गोविंदा नाव आहे. विमान उतरले की त्याच्या पोटाखाली गाडी लावून टाकी रिकामी करणे, हेच त्याचे काम. त्याने सांगितले तसे लिहितो. नीट वाच.

पहिले, कागदाची परीक्षा. बाटलीत अर्धे पाणी घे, कागदाचा एक तुकडा टाक, बूच लावून दहा वेळा हलव. तुकड्याचे पिठासारखे झाले तर कागद चांगला. पान तसेच राहिले तर कितीही मऊ असो, पाइप बुजवणार. जाड, दुपदरी, चकचकीत, रंगीत काही घेऊ नये. पतंगाचा तर कधीच नाही.

दुसरे, टाकी कोरडी ठेवू नये, यातच सगळे चुकतात. रिकामी केल्यावर आधी चार बोटे पाणी घालावे. कोरड्या पत्र्याला घाण धरली की ती निघत नाही, आणि वास तिचाच असतो. फिनेल बंद कर. ब्लीचिंग पावडर किंवा ॲसिड आणलेस तर दोन्ही फेकून दे, एकत्र झाली तर जिवावर बेततील.

तिसरे, टाकीला वरच्या बाजूने नळी जोड आणि ती गाडीच्या टपाच्या वर हातभर काढ. वायूला वर जायला वाट मिळाली की तो आत येत नाही. संडासच्या भोकावर रबराचे घट्ट झाकण बसव. अर्ध्याहून थोडी अधिक भरली की रिकामी करावी, काठोकाठ होऊ देऊ नये. नंतर साबणाचे पाणी घालून पाच मैल गाडी पळव. धक्क्यांनी ती आपली आपण धुतली जाते. आणि रिकामी करताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळते, पण सांगत कोणी नाही.

पार्सलने बारा गुंडाळ्या आणि निळ्या औषधाचा डबा पाठवत आहे. गोविंदाने दिला. एका वेळी चहाच्या कपाएवढे घाल.

माणूस तसा बरा आहे. काम चोख करतो. हात कितीही धुतले तरी घास तोंडाशी नेताना वास आल्यासारखे वाटते म्हणून चमच्याने जेवतो. आईला सांग, पोटभर जेवायचे.

मुंबईला येण्याचे मात्र अजूनही मनावर घेऊ नये. आमच्या क्वार्टरची दुरुस्ती चालू आहे.

तुझा,
देवाजी


इंदोरा, नागपूर
३ मार्च १९७९

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझ्या गोविंदाला माझा साष्टांग दंडवत! बाटली हलवून पाहिली, कागदाचं दूध झालं. नळी काढली, झाकण बसवलं, चार बोटं पाणी घातलं. काल गाडी भर उन्हात उभी करून आईला दुपारभर आत निजवलं. बाहेर आली आणि म्हणाली, "घरातल्या मोरीपक्षा हेच बरं." रात्री वाटीभर खिचडी खाल्ली, वरून मिरचीचा ठेचा मागितला. महिन्याभराने तिला घास गिळताना पाहिलं. मी चुलीजवळून उठून बाहेर गेलो, कारण तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. चमच्याने जेवतो त्या ओळीवर तिने मला थांबवलं. म्हणाली, "पुन्हा वाच." मग म्हणाली, "त्याची माय कुठं राहते गा? विचार देवाजीले." आता तिला तुझं ऑफिस नंतर, गोविंदा आधी पाहायचा आहे. त्याला बोलावून आपल्यासोबत जेवायला बसवायचं म्हणते. त्याच्यासाठी सदऱ्याचं कापड घेऊन ठेवलं आहे.

आम्ही पंधरा तारखेला निघतो. अमरावती, अकोला, धुळे, नाशिक. दुरुस्तीची काळजी करू नको, आम्ही गाडीतच राहू. फक्त गोविंदाला सांगून ठेव.

तुझा,
शालिकराम


सांताक्रूझ, मुंबई
८ मार्च १९७९

चि. शालिकराम यास,
जय भीम.

वाईट बातमी आहे. गोविंदा परवा, सहा तारखेला वारला. टाकी धुताना वायू लागला. येथे चौकशी सुरू झाली असून मला क्षणाची सवड नाही. अशा वेळी तुम्ही येऊ नये. आईला समजावून सांग. पुढचे पुढे पाहू.

देवाजी


इंदोरा, नागपूर
२१ मार्च १९७९

ती. दादास,
जय भीम.

तुझं पत्र बारा तारखेला मिळालं. आईला सांगू नये असं वाटत होतं, पण गाडीत सामान भरणं चालू होतं, थांबवायला कारण काय सांगणार? सांगितलं.

तिने भरलेलं गाठोडं परत सोडलं. मग विचारलं, "त्याच्या मायले कोनं सांगतलं?" मला माहीत नव्हतं. तेरा तारखेला त्याचा सातवा दिवस येत होता. आईने हट्टच धरला. शेजारच्या अंजनाबाईंनी विहारात सांगितलं, भंतेजी आले, मेणबत्त्या लावल्या, त्याच्या नावाने पुण्यानुमोदन केलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा भंतेजींनी विचारलं, गोविंदा कोण, कोणाचा? आई म्हणाली, "माह्या देवाजीच्या संगचा हाय. मलेच त्याची माय समजा." बसवत नव्हतं, तरी शेवटपर्यंत भिंतीला टेकून बसली. ते सदऱ्याचं कापड विहारात दान दिलं.

आता ती गाडीत पाय ठेवत नाही. मी हात जोडले. म्हणाली, "ज्याचं रोजचं काम होतं तो मेला. तू तं सुतार हाय. माही घान काढाले तुले त्या वासात घालू? मले नाही पाहाचं हापिस." मी म्हटलं, वाऱ्याकडे पाठ करून काढीन. ती म्हणाली, "त्यालेही तं मालूम होतं."

आणि पुन्हा जेवण सोडलं आहे. घरच्या संडासातूनही तिची घाण कोणाला काढावी लागू नये म्हणून. आज नऊ दिवस झाले, पाणी आणि दोन-चार चमचे पेज. हात उचलत नाही आता. तू काही सांगून पाहा. तुझं ती ऐकेल.

शालिकराम


सांताक्रूझ, मुंबई
२६ मार्च १९७९

शालिक,

हे पत्र एक्सप्रेसने टाकतो आहे. मिळाल्याबरोबर आईला वाचून दाखव. सगळं.

गोविंदा मेला नाही. गोविंदा नावाचा कोणी नाहीच. गोविंदा म्हणजे मीच. सोळा वर्षं विमानांच्या टाक्या मी काढतो आहे.

त्रेसष्ट साली आलो तेव्हा हेल्पर म्हणून घेतो म्हणाले. कसला हेल्पर ते पहिल्या दिवशी पाइप हातात दिल्यावर कळलं. वाटलं, दोन-तीन महिने करू, मग दुसरं पाहू. तोवर आईला पत्र गेलं होतं की विमानतळावर लागलो. तिने गल्लीत साखर वाटली. त्या साखरेवर मी काय लिहिणार होतो?

आणि बाबा. छप्पन साली दीक्षा घेऊन ते गावी आले तेव्हा तू लहान होतास, मी चौदा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी पाटलाचा बैल मेला. ओढून न्यायला बोलावणं आलं. बाबांनी सांगितलं, आता नाही. त्यांना झाडाला बांधून मारलं, विहीर बंद केली. नागपूरला आलो तेव्हा वाटेत त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं, दुसऱ्याची घाण मजुरीसाठी उचलणार नाही. त्यांची पाठ अजून चिघळत होती. मी शब्द दिला, आणि सात वर्षांत मोडला. ते वारले तेव्हा मी मुंबईहून आलो, त्यांच्या पायाला हात लावला, आणि मनात एवढंच होतं की यांना वास तर येणार नाही ना.

कौसल्येला माहीत आहे. मुलांना नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला सगळं येत होतं. कागद, पाणी, नळी, सगळं. मी एका बैठकीत लिहू शकलो असतो. नाही लिहिलं, कारण गाडीला वास आला तर तुम्ही येणार नाही असं वाटलं. आई उपाशी राहते हे वाचलं तेव्हा राहवलं नाही, म्हणून गोविंदा केला. आणि ती त्यालाच भेटायला निघाली, तेव्हा तो मारून टाकला. मला दुसरं काही सुचलं नाही रे.

माझा सातवा दिवस तुम्ही केलात. मी ते पत्र विमानतळाच्या कुंपणाशी उभा राहून वाचलं.

आईला सांग, वायू-बियू कोणाला लागला नाही. टपावर नळी काढली की माणूस मरत नाही, मी सोळा वर्षं जिवंत आहे. तिला जेवायला घाल. गाडीत बसव आणि घेऊन ये. मी काम करतो ती जागा कुंपणातून दिसते. तिला दाखवीन.

देवाजी


इंदोरा, नागपूर
४ एप्रिल १९७९

दादा,

रविवारी केलेली तार तुला मिळाली. काल तुझी उलट तार आली, 'येऊ शकत नाही.' तारेत जे मावलं नाही ते लिहितो.

तुझं पत्र तीस तारखेला आलं. आधी मी एकट्याने वाचलं. खरं सांगतो, त्या वेळी तू समोर असतास तर रंधा फेकून मारला असता. मग आईला वाचून दाखवलं, एक अक्षर न गाळता. 'गोविंदा म्हणजे मीच' या ओळीवर आलो तेव्हा तिने हात वर केला. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिने विचारलं, "मंग थो पोरगा मेला नाही?"

मी म्हटलं, नाही.

"जित्ता हाय?"

म्हटलं, हो, जित्ता आहे.

"मले भूक लागली गा," म्हणाली.

चार चमचे खिचडी खाल्ली. मग उरलेलं पत्र ऐकलं. बाबांचा मजकूर आला तेव्हा डोळे मिटून होती. शेवटी एवढंच बोलली, "सोळा वर्सं एकटाच करून राहिला. एखांदी गोठ तरी सांगाची होती मायपाशी." आणि लगेच म्हणाली, निघू. मी म्हटलं, दोन दिवस अंगात ताकद येऊ दे. ऐकेना. "इथंच गाडीत निजव, म्हंजे तू मले सोडून जानार नाही," म्हणाली. तिला उचलून नेलं. वजन राहिलं नव्हतं. दोन दिवस ती अंगणात उभ्या गाडीत राहिली. थोडं थोडं जेवत होती, आणि लाज न बाळगता गाडीतल्या संडासला जात होती. मी सोमवारी पहाटे निघायचं ठरवलं होतं. रविवारी दुपारी चाकात हवा भरून आत पाहिलं तर ती गेली होती. उन्हामुळे थांबता आलं नाही. संध्याकाळी सगळं उरकलं.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. अठरा दिवस ती उपाशी राहिली ती तुझ्या एका ओळीपायी. ते दिवस ती जेवली असती तर आज नाशिकपर्यंत आली असती, असं मला रोज वाटतं. बाबा असते तर काय म्हणाले असते, मला माहीत नाही. कदाचित तोंड पाहिलं नसतं. आईने मात्र पाहिलं असतं. ती निघाली होती.

आता एक काम उरलं आहे. गाडीची टाकी भरलेली तशीच आहे. भैयाजी गाडी परत मागतात. मी त्यांना सांगितलं, मोठा भाऊ आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ते परत फिरले. आज तिसरा दिवस, ऊन कडक आहे, आणि गल्लीतले लोक बोलायला लागले आहेत. बोलू देत.

परक्या लोकांची तू सोळा वर्षं काढलीस. ही आईची आहे, दादा. ये.

शालिकराम